सूत, साठावा वाढदिवस आणि संवादकौशल्य

संवादकौशल्याच्या शिबिरात अ‍ॅरिस्टॉटल, ‘हाऊ टू विन फ्रेंड्स’वाले डेल कार्नेगी, मन वळवण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी ही नावे हमखास निघतात. खानापूर-निपाणीकडची पोरे बेळगावात येऊन ती वहीत उतरवून घेतात. याच गावात शंभर वर्षांपूर्वी हे सगळे भर सभेत वापरून झाले आहे, ते मात्र त्यांच्या कानावर क्वचितच पडते.

टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीग, म्हणजे स्वराज्य मागणारी संघटना, स्थापन केली ती बेळगावात. १ मे रोजी ते इथे मराठीत बोलले. मंडालेची सहा वर्षे भोगून आलेल्या माणसाला सरकारवर टीका तर करायची होती, पण राजद्रोहात सापडायचे नव्हते. त्यांनी वेदान्त हाताशी धरला. अदृश्य सरकार हे निर्गुण ब्रह्मासारखे, त्याच्याशी आपले भांडण नाही. पोलीस शिपायापासून वर दिसते ते दृश्य सरकार, आणि बदल हवा तो तिथे. कीर्तन-प्रवचनात मुरलेल्या श्रोत्यांना हे फोड करून सांगावे लागले नाही. पोलिसांनाही अर्थ कळलाच. २३ जुलैला, टिळकांच्या साठाव्या वाढदिवशी, एकीकडे लोकांनी दिलेली लाखाची थैली आणि दुसरीकडे सरकारची नोटीस! बेळगावचे एक आणि अहमदनगरची दोन अशा भाषणांवरून चांगल्या वर्तणुकीच्या हमीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. वकील होते जीना.

अ‍ॅरिस्टॉटल युक्तिवाद आणि भावना यांच्या जोडीला वक्त्याचे चारित्र्य मानतो, किंबहुना तेच जवळपास सर्वांत बलवान म्हणतो. त्या सभेत टिळकांच्या आधीच त्यांचा मंडालेचा तुरुंगवास बोलून गेला होता.

कार्नेगींचे पुस्तक १९३६ चे. त्यातले बरेचसे घरची वडीलधारी माणसे फुकट शिकवतात, म्हणून ते इथेच सोडतो. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांचे नाव शिबिरात फारसे निघत नाही, पण सीमाभागाला तेच जास्त लागू पडतात. अमेरिकेतल्या ओहायोत १९४० च्या निवडणुकीचा अभ्यास करताना त्यांना दिसले की रेडिओ-वर्तमानपत्रातली गोष्ट थेट मतदाराच्या गळी उतरत नाही. ती ओळखीच्या, विश्वासातल्या माणसामार्फत पोचते. बेळगावात हे काम हुदलीचे गंगाधरराव देशपांडे करत होते. आधी टिळकांचे खंदे अनुयायी, मग गांधीजींचे. १९२४ चे काँग्रेस अधिवेशन बेळगावात उभे राहिले ते मुख्यतः त्यांच्या खटपटीवर. नेता बदलला, पण गावोगावच्या लोकांना निरोप देणारा माणूस तोच राहिला.

गांधीजी अध्यक्ष होते असे हे एकमेव अधिवेशन. सभासदाने वर्गणी म्हणून महिन्याला दोन हजार वार सूत द्यावे, या अटीवर इथे शिक्कामोर्तब झाले. माणूस एखादी गोष्ट स्वतः, चारचौघांत आणि कष्टाने करतो तेव्हा तो तिला बांधला जातो, हे चाल्डिनींनी १९८४ मध्ये लिहिले. गांधीजींनी तेच चरख्यावर मांडले होते. पण चाल्डिनींची आणखी एक अट आहे: ते काम स्वखुशीचे हवे. बेळगावच्या ठरावाने कातायची इच्छा नसलेल्यांना दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची मुभा ठेवली. साहजिकच काहींनी बाजारातून विकत आणून भरले. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत सुताची सक्ती गेली आणि चार आण्यांची वर्गणी परत आली.