एनबीएतील माध्यम-क्रमवारी

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील संघांची आणि पहिल्यांदाच खेळणाऱ्या खेळाडूंची वृत्तपत्रे, दूरचित्रवाहिन्या व संकेतस्थळे हंगामभर जी प्रतवारी लावतात, तिला माध्यम-क्रमवारी म्हणता येईल. संघांची प्रतवारी ‘पॉवर रँकिंग’ या नावाने ओळखली जाते. नवोदितांच्या प्रतवारीसाठी एनबीएच्या संकेतस्थळावरील ‘रूकी लॅडर’ या सदराचे नाव रुळले आहे. संघांच्या क्रमवारीचा स्पर्धेच्या निकालावर काहीच परिणाम होत नाही, कारण बाद फेरीतील प्रवेश जय-पराजयांवरून ठरतो. नवोदितांच्या बाबतीत मात्र वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा अधिकृत पुरस्कारच पत्रकार व समालोचकांच्या मतांनी दिला जातो.

या पुरस्काराच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. एनबीएची अधिकृत यादी 1952-53 च्या हंगामापासून, फोर्ट वेन पिस्टन्सच्या डॉन माइनिकी यांच्यापासून सुरू होते. तथापि त्याआधीच्या काही वर्षांत वृत्तपत्रांतील क्रीडालेखक आपापल्या पसंतीचा नवोदित निवडत असत. 1947-48 मध्ये, म्हणजे स्पर्धेचे नाव अजून बीएए (बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका) असताना, बाल्टिमोर बुलेट्सचे पॉल हॉफमन, 1949-50 मध्ये इंडियानापोलिस ऑलिम्पियन्सचे अॅलेक्स ग्रोझा, पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया वॉरियर्सचे पॉल अॅरिझिन आणि 1951-52 मध्ये बिल टोशेफ व मेल हचिन्स हे दोघे अशी नावे आढळतात. ही निवड स्पर्धेच्या संचालकांनी केलेली नसल्यामुळे ती अनधिकृत मानली जाते. परंतु 1953 नंतरही कौल माध्यमांचाच राहिला, ही गोष्ट ध्यानात घेतली तर या पाच जणांना परंपरेच्या बाहेर ठेवणे फारसे पटत नाही. पूर्वी एडी गॉटलीब यांच्या नावाने दिला जाणारा हा करंडक 2022-23 पासून विल्ट चेंबरलेन यांच्या नावाने दिला जातो.

मतदानाची सध्याची पद्धत 2002-03 च्या हंगामापासून रूढ आहे. प्रत्येक मतदार तीन नावे क्रमाने देतो आणि त्यांना अनुक्रमे 5, 3 व 1 गुण मिळतात. 2003-04 मध्ये क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स आणि डेन्व्हरचा कार्मेलो अँथनी यांच्यात 118 मतदारांचा कौल विभागला गेला. जेम्सला पहिल्या पसंतीची 78, दुसऱ्या पसंतीची 39 व तिसऱ्या पसंतीचे 1 मत मिळून 508 गुण झाले, तर अँथनीला 40, 76 व 2 मतांचे 430 गुण मिळाले. दोघांचेही संघ आदल्या वर्षी 17 सामने जिंकले होते; त्या हंगामात डेन्व्हरने 43 सामने जिंकून बाद फेरी गाठली आणि क्लीव्हलँड 35 वर थांबले. मतदारांनी संघाच्या यशापेक्षा खेळाडूच्या वैयक्तिक खेळाला अधिक तोलले, असाच याचा अर्थ लावावा लागतो. या पद्धतीतील सर्वांत निसटता निकाल 2021-22 चा असून टोरंटोच्या स्कॉटी बार्न्सने क्लीव्हलँडच्या इव्हान मोब्लीला 378 विरुद्ध 363 गुणांनी मागे टाकले. जुन्या पद्धतीत बरोबरी होत असे व पुरस्कार विभागून द्यावा लागे. 1971, 1995 व 2000 या वर्षी तसे घडले.

नवोदित कोणास म्हणावे, हा वाद त्याहून बिकट आहे. खेळाडू संघात दाखल होऊनही दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही, तर त्याचे नवोदितपण पुढच्या वर्षावर जाते. 2009 च्या ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू घेण्याच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला ब्लेक ग्रिफिन अशा प्रकारे 2011 चा, तर 2016 मध्ये निवडला गेलेला बेन सिमन्स 2018 चा सर्वोत्तम नवोदित ठरला. सिमन्सच्या वेळी यूटाच्या डोनोव्हन मिचेलच्या पाठीराख्यांनी घेतलेला आक्षेप निराधार म्हणता येत नाही, कारण वर्षभर व्यावसायिक संघाबरोबर राहून केलेला सराव हा अनुभवच होय. नियम मात्र निःसंदिग्धपणे सिमन्सच्या बाजूने होता. सामन्यांच्या संख्येचा प्रश्नही असाच आहे. 2016-17 मध्ये जोएल एम्बीडने सामन्यामागे 20.2 गुण मिळवले, पण तो 31 सामनेच खेळला आणि पुरस्कार मिल्वॉकीच्या माल्कम ब्रॉग्डनला गेला. 2023-24 पासून बहुतेक मोठ्या पुरस्कारांसाठी आलेली किमान 65 सामन्यांची अट नवोदितांना लागू नाही.

संघांच्या क्रमवारीत लेखकाच्या मतावर आधारलेली आणि सूत्रावर आधारलेली असे दोन प्रवाह आहेत. पहिल्यात मार्क स्टाइन यांचे ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या संकेतस्थळावरील व जॉन शूमन यांचे एनबीएच्या संकेतस्थळावरील साप्ताहिक सदर विशेष वाचले गेले. दुसऱ्यात बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ लेखक जॉन हॉलिंजर यांचे सूत्र महत्त्वाचे आहे. त्यात जय-पराजय मोजलेच जात नाहीत. सरासरी गुणफरक (संघाने सामन्यामागे केलेल्या व दिलेल्या गुणांतील फरक) आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद एकत्र केली जाते, घरच्या मैदानाचा फायदा 3.5 गुणांचा धरला जातो, आणि संपूर्ण हंगामाला सुमारे दोन तृतीयांश, तर अलीकडच्या सामन्यांना एक तृतीयांश वजन दिले जाते. गुणफरकाला महत्त्व का द्यावे, हे 2015-16 च्या हंगामावरून दिसते. गोल्डन स्टेटने 82 पैकी 73 व सॅन अँटोनिओने 67 सामने जिंकले. तरी दोघांचाही सरासरी गुणफरक दहा ते अकरा गुणांच्या दरम्यान, जवळजवळ सारखाच होता. विजयांची संख्या जी दरी दाखवते, ती गुणफरकात नाहीशी होते. अर्थात सूत्रालाही मर्यादा आहेत: सॅन अँटोनिओ ओक्लाहोमा सिटीकडून बाद झाले, तर गोल्डन स्टेटने अंतिम मालिकेत 3-1 अशी आघाडी घेऊनही विजेतेपद क्लीव्हलँडकडे गेले. असे असले तरी हंगाम चालू असताना संघाचे बळ जोखण्यासाठी गुणफरक हाच अधिक भरवशाचा आधार आहे.

हंगामपूर्व सामने अधिकृत गुणतक्त्यात धरले जात नाहीत. मुंबईत वरळी येथे 4 व 5 ऑक्टोबर 2019 रोजी इंडियाना व सॅक्रामेंटो यांच्यात झालेले दोन सामने याच प्रकारचे होते. महिलांच्या डब्ल्यूएनबीए स्पर्धेतही सर्वोत्तम नवोदित माध्यमांच्या मतांनीच निवडली जाते. 2024 मध्ये इंडियानाच्या केटलिन क्लार्कला 67 पैकी 66 मते मिळाली व उरलेले एक मत शिकागोच्या एंजल रीसला गेले.