केसांची पुनर्वाढ (कोकण किनारपट्टी)

डोक्यावरील केस कापल्यानंतर, वपनानंतर किंवा गळून गेल्यावर पुन्हा पूर्वीइतके लांब व दाट होण्याची क्रिया. डोक्याचा केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंमी., म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंमी. वाढतो. पूर्ण वपनानंतर बेताची वेणी घालण्याइतके केस यायला दोन वर्षे सहज लागतात. कापलेल्या केसाचा हिशेब एवढाच, कारण त्वचेखालचे मूळ आपले काम चालूच ठेवते. गळलेल्या केसाच्या बाबतीत मूळ आधी विश्रांतीतून जागे व्हावे लागते आणि लांबीचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. कोकणात रूढ असलेले बरेचसे समज या दोन गोष्टी एकच मानल्याने झालेले दिसतात.

प्रत्येक रोमकूपाचे (त्वचेतील ज्या छिद्रातून केस उगवतो त्याचे) चक्र स्वतंत्र चालते. वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षांची, संक्रमणाची दोन-तीन आठवड्यांची आणि विश्रांतीची सुमारे तीन महिन्यांची असते. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानतात. केसाची कमाल लांबी वाढीच्या अवस्थेवर ठरते. ती चार वर्षांची असेल, तर कितीही तेल लावले तरी केस ५०–६० सेंमी.च्या फारसे पुढे जात नाहीत.

मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा उपासमार यांमुळे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराचे व्यवस्थित वर्णन केले. कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), हिवताप, डेंग्यू यांची साथ असते. आषाढ-श्रावणात तापाने आडव्या झालेल्या माणसाचे केस त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास फणीला गुंता होऊन येऊ लागतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि खापर विहिरीच्या पाण्यावर किंवा नव्या साबणावर फुटते. गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत थांबते. शिमग्यापर्यंत कपाळाच्या कडेला बोटभर उभे, न बसणारे केस दिसू लागतात. बाळंतिणीचे केसही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात असेच जातात आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत बहुधा भरून येतात. ‘बाळ हसायला लागले की आईचे केस जातात’ या बायकांच्या बोलण्यात कारण चुकीचे असले, तरी काळाचा अंदाज बरोबर आहे. गळती लांबली, तर रक्तातील लोह व थायरॉइड तपासणे इष्ट. ऋतुमानाने केस गळतात या मताला इंग्लंडमधील शेफील्ड येथील १९९१च्या एका अभ्यासाचा आधार देतात. त्यात उन्हाळ्याच्या अखेरीस गळती सर्वाधिक आढळली. पण तो अभ्यास मोजक्या पुरुषांवरचा, शिवाय थंड हवामानातला आहे. कोकणापुरते तापाचे कारण अधिक ग्राह्य वाटते.

चाई पडणे, म्हणजे नाण्याएवढ्या गोल चकत्यांत केस जाणे, हा वेगळा विकार आहे. जुन्या वैद्यकात त्याचा संबंध इंद्रलुप्ताशी जोडतात. सुश्रुतसंहितेनुसार (काळ अनिश्चित, सध्याची संहिता अनेक संस्कारांनंतरची) वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस पाडते, पुढे रक्तासह कफ ती छिद्रे बुजवतो आणि त्यामुळे नवे केस येत नाहीत. तेथे इंद्रलुप्त, खालित्य व रुज्या ही नावे एकाच विकाराची म्हणून येतात. उलट माधवनिदान या ग्रंथावरील मधुकोश टीकेत उद्धृत केलेला कार्तिक या जुन्या टीकाकाराचा पक्ष असा, की इंद्रलुप्त दाढीमिशांत, खालित्य डोक्यावर आणि रुह्या (म्हणजे रुज्याच) सर्वांगावर होते. ही वाटणी नीटनेटकी असली, तरी मूळ वचनाशी जुळवणे कठीण जाते. छिद्रे बुजल्यावर केस येत नाहीत असे सांगणारी संहिताच चिकित्सास्थानात टाळू वारंवार खरवडून गुंजांचा लेप द्यायला सांगते. म्हणजे ती अवस्था ग्रंथकाराला कायमची वाटत नसावी, हे अनुमान त्यातल्या त्यात सयुक्तिक आहे. आजच्या समजुतीप्रमाणे चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. एक-दोन चकत्याच असतील, तर निम्म्याअधिक रुग्णांत वर्षभरात केस आपोआप येतात, बऱ्याचदा आधी पांढरे. गुंजेचा लेप घरी करू नये. तिचे बी अत्यंत विषारी असते.

जावळ काढल्याने केस दाट येतात ही समजूत सार्वत्रिक आहे. मनुस्मृतीत चूडाकर्म (चौल, म्हणजे जावळ काढण्याचा संस्कार) पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी सांगितले आहे. व्यवहारात कित्येक घरी चौल मुंजीबरोबरच उरकतात. कोकणी मुसलमानांत अकीक्याच्या (बाळाच्या जन्मानंतरच्या विधीच्या) वेळी, बहुधा सातव्या दिवशी, बाळाचे केस उतरवतात. वस्तऱ्याने केसाची जाडी वा वेग बदलत नाही, हे अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये दाढीच्या केसांवर मोजमाप करून दाखवले. सपाट कापलेले टोक हाताला जाड लागते, एवढेच. तान्ह्या बाळाचे पहिले केस पहिल्या काही महिन्यांत, विशेषतः मानेच्या वर, आपणहून झडतात आणि पुढचे मुळातच जाड असतात. जावळ न काढलेल्या मुलालाही तेच केस येतात. श्रेय मात्र न्हाव्याच्या वस्तऱ्याला जाते.

खोबरेल तेलाचेही असेच. नारळाचे दूध आटवून घरी काढलेले, माका किंवा जास्वंद घालून उकळलेले तेल गळती सुरू झाल्यावर दोन-तीन महिने लावतात, म्हणजे नेमके गळती थांबण्याच्या वेळेपर्यंत. ते निरुपयोगी नाही. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. त्यामुळे आलेला केस कमी तुटतो. वाढीचा वेग मात्र त्याने वाढत नाही. माक्याचे अनुकूल निष्कर्ष मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतले आहेत.

विधवांच्या केशवपनात वस्तरा वर्षानुवर्षे फिरला, तरी मुळे शाबूत राहत. वपन थांबवले की केस येत. १८९०च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी हे काम न करण्यासाठी संप केला, असे सांगतात.

कर्करोगावरील औषधांत केस वाढीच्या अवस्थेतच तुटतात. उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांत नवे दिसू लागतात, कधी कुरळे. भुवया तीन-चार महिन्यांत भरतात. खोल भाजल्याने किंवा व्रणाने मूळच नष्ट झाले असेल, तर त्या जागी रोपणावाचून केस येत नाही. रोपलेले केसही आधी काही आठवड्यांत गळतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवू लागतात.