लॅक्सटनची खुली शेते आणि मालकीचा प्रश्न

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या लॅक्सटन गावाची बहुतेक शेतजमीन 2020 मध्ये पुन्हा एकदा विकली गेली. एरवी अशा व्यवहाराची चर्चा गावाबाहेर जात नाही. परंतु बांध-कुंपण नसलेली खुली शेते आणि त्यांचा कारभार पाहणारी गावाची न्यायसभा हे दोन्ही अजून कामात असलेले हे इंग्लंडमधील जवळजवळ एकमेव गाव आहे, त्यामुळे येथे मालक कोण हा प्रश्न कागदोपत्री राहत नाही.

गाव जुने आहे. उत्तरेला नॉर्मन काळातील गढीचा उंचवटा अजून दिसतो. 1635 मध्ये तत्कालीन जमीनदाराने साऱ्या जमिनीची मोजणी करून नकाशा काढवून घेतला. त्यात खुल्या शेतांतला प्रत्येकाच्या वाट्याचा एकेक लांबट पट्टा तर आहेच, शिवाय नांगरणारी आणि कापणी करणारी माणसेही रेखाटलेली आहेत.

पुढे, विशेषतः 1760 नंतर, संसदेच्या कायद्यांनी देशभरातील सामाईक शेते वाटून कुंपणबंद केली जात असताना लॅक्सटन त्यातून सुटले. याचे श्रेय गावकऱ्यांच्या परंपराप्रेमाला देण्याची प्रथा आहे, पण ती फारशी खरी नाही. जमीन एकाहून अधिक बड्या मालकांत विभागलेली होती आणि त्यांचे आपसांत जमत नव्हते, हे अधिक साधे कारण आहे. शेतांचा काही भाग मधल्या काळात कुंपणात गेलाच, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जमीनदाराने लहान पट्टे एकत्र करून त्यांची संख्या बरीच घटवली. म्हणजे आज ज्याला मध्ययुगीन म्हणून दाखवले जाते, त्याची मांडणी पुष्कळशी अलीकडची आहे.

उरलेले क्षेत्र सुमारे 480 एकर असून ते साउथ, मिल आणि वेस्ट या तीन शेतांत विभागलेले आहे. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पडीक, असा फेरा दरवर्षी पुढे सरकतो. प्रत्येक कुळाचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असल्याने कोणी एकट्याने हा फेरा मोडू शकत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यायसभेचे बारा पंच गव्हाच्या शेतात उतरतात, जुन्या खुणांवरून पट्ट्यांची सरळ रेषा नजरेने धरतात आणि हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात. कोणाचा नांगर वाटेत किंवा कडेच्या गवताळ पट्टीत शिरला असेल, तर त्याचे नाव टिपले जाते. पुढच्या आठवड्यात गावातील पबमध्ये न्यायसभा भरून दंड ठरतो आणि नव्या पंचांना शपथ दिली जाते. दंड किरकोळच असतो. शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाणे हेच अधिक लागते. ओलीमुळे किंवा उतारामुळे नांगरता न येणाऱ्या गवताळ पट्ट्यांतील वैरणीचा लिलाव होतो. भटक्या जनावरांचा जुना कोंडवाडाही गावात आहे, मात्र आता तो पाहण्यापुरताच.

खरा वाद विक्रीचा आहे. 1952 मध्ये जमीनदार घराण्याने इस्टेट शेती खात्याकडे सोपवली, तेव्हा ही पद्धत टिकावी हा हेतू स्पष्ट होता. तीनच दशकांनी, सरकारी खर्चाला कात्री लागली असताना, त्याच खात्याने जमीन विकायला काढली. सांभाळण्यासाठी घेतलेली ठेव अडचण वाटताच विकावी का, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो रास्त होता. अखेर 1981 मध्ये इस्टेट राजसत्तेच्या मालमत्तांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे गेली आणि वाद तात्पुरता मिटला. 2018 मध्ये याही संस्थेने विक्रीचा इरादा जाहीर केला, तेव्हा कुळांसमोर तोच प्रश्न नव्याने उभा राहिला.

येथे एक कायदेशीर बाब नीट लक्षात घ्यावी लागते. अशा बहुतेक जुन्या न्यायसभांचे अधिकार 1977 च्या कायद्याने संपवले, पण लॅक्सटनला अपवाद ठेवले. हा अपवाद गावाचे कवच आहे असे बरेचदा मानले जाते. प्रत्यक्षात ती तरतूद न्यायसभेचा अधिकार राखते. शेते खुलीच ठेवा असे मालकाला सांगत नाही. ज्यावर अधिकार चालवायचा ती शेतेच कुंपणात गेली, तर पंचांना मोजायला काही उरणार नाही. त्यामुळे खंड किती असेल आणि नवी कुळे कोणत्या अटींवर येतील हे मालकाच्या भूमिकेवर अवलंबून राहते. यंत्रांच्या काळात लांबट, विखुरलेल्या पट्ट्यांची शेती मुळातच खर्चिक असल्याने तर अधिकच.

2020 मध्ये जमीन घेतली ती 1952 मध्ये ती सोडणाऱ्या घराण्याच्याच इस्टेटीने. सार्वजनिक मालकी म्हणजे कायमची हमी आणि खासगी मालकी म्हणजे धोका, ही सोपी मांडणी लॅक्सटनला लागू पडत नाही, कारण अडुसष्ट वर्षांत दोन सार्वजनिक मालकांनी गाव विकले आणि ते परत घेणारा मालक खासगी निघाला.