आयएसओ १००चा हट्ट कशाला?

फोटोग्राफी शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं: आयएसओ (फोटो किती उजळ करायचा हे ठरवणारी कॅमेऱ्यातली सेटिंग) १००च्या वर नेलात की फोटोत दाणे, म्हणजे बारीक ठिपक्यांची खरखर, येते. हे अर्धसत्य आहे. दाणे मुख्यतः येतात ते सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) प्रकाश कमी पडल्यामुळे. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही, मिळालेला सिग्नल फक्त उजळ होतो. आयएसओ १००वर काळपट फोटो काढून तो नंतर संगणकावर उजळवला, तर तेच दाणे दिसतात, कधीकधी जास्तच.

खोलीत एफ/२.८ (लेन्सचं छिद्र किती उघडं हे सांगणारा आकडा), आयएसओ १०० ठेवून कॅमेरा शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, १/१५ सेकंद दाखवतोय, असं समजा. ५० मिमी लेन्स हातात धरून एवढ्या वेळात फोटो सहसा हलतो, आणि समोर मूल खेळत असेल तर हलणारच. आयएसओ ८०० करा: तीन स्टॉप (म्हणजे तीनदा दुप्पट) वाढले, शटर १/१२५वर आलं. पळणाऱ्या मुलासाठी तेही अपुरं. १६००वर १/२५० मिळेल. दाणे सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात, हललेला फोटो मात्र सहसा सुधारत नाही.

ट्रायपॉड असेल आणि समोरचं स्थिर असेल, तर खुशाल १०० ठेवा. उलट गरज नसताना आयएसओ चढवलात, तर दिव्यांसारखे उजळ भाग पांढरेफटक होतात आणि त्यातला तपशील परत येत नाही.