एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही
गॅलरी आत घेऊन स्वयंपाकघर वाढवताना हमखास ऐकू येतं, ‘एमसीबी बसवलाय, आता शॉकची भीती नाही.’ हा समज जीवघेणा आहे. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप बंद पडणारा स्विच. १६ अँपिअरचा एमसीबी पडतो तो लोड फार वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं तरच. ओल्या हाताने मिक्सरच्या सोललेल्या वायरीला स्पर्श झाला, तर अंगातून साधारणपणे एक अँपिअरही जात नाही. जीव जायला तेवढा पुरतो, एमसीबीला मात्र पत्ताही लागत नाही. शॉकपासून वाचायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच हवा. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परतला नाही, की आरसीसीबी क्षणार्धात पडतो. एमसीबी काढायचा नाही, दोन्ही हवेत, अर्थिंगही. ओट्यावरचे पॉइंट ठरवतानाच वायरमनला हे सांगा.