दिसतंय का, दिसतंय : विमानतळाजवळच्या टकरींमागची पार्श्वभूमी

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनला उतरणारं एक प्रवासी जेट आणि लष्कराचं हेलिकॉप्टर नदीवर धडकले, ६७ माणसं गेली. तेव्हापासून व्हिज्युअल सेपरेशन हा शब्द सगळीकडे फिरतोय. कंट्रोलर विचारतो समोरचं विमान दिसतंय का, पायलट म्हणतो दिसतंय, कंट्रोलर म्हणतो मग तू सांभाळ. तिथून पुढे अंतर राखायची जबाबदारी पायलटची. हे काही नवीन नाही, आणि १९७८ च्या सॅन डिएगोच्या टकरीनंतर यावर चांगलं वाजलेलंही आहे, पण त्या वेळी तपासात जो निकाल लागला तो निदान मला तरी अर्धवटच वाटतो.

अगदी जुन्या काळात शिरत नाही. १९५६ ला ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं धडकली, १२८ गेले, त्यातून अमेरिकेत नवीन नियामक यंत्रणा उभी राहिली, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ती टक्कर मोकळ्या आकाशातली, विमानतळापासून लांब. छोट्या विमानांचा प्रश्न खरा पेटला १९६० च्या दशकात, जेट मध्यम शहरांत पोचले तेव्हा. त्याच धावपट्ट्यांवर हौशी पायलट, फ्लाइंग स्कूलवाले, स्वतःचं विमान घेऊन धंद्याच्या कामाला निघालेले लोक आधीपासूनच होते. १९६७ मध्ये मार्चला ओहायोत आणि जुलैला नॉर्थ कॅरोलायनात अशा दोन टकरी झाल्या, १९६९ ला इंडियानापोलिसजवळ तिसरी, तिन्ही वेळा एका बाजूला जेट आणि दुसऱ्या बाजूला छोटं विमान. यातून १०,००० फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा आली आणि १९७० पासून मोठ्या विमानतळांभोवती टीसीए, म्हणजे असं आकाश जिथे कंट्रोलरच्या परवानगीशिवाय कोणीच घुसायचं नाही. पायलट लोक त्याला उलटा ठेवलेला थरांचा केक म्हणतात, धावपट्टीजवळ जमिनीपर्यंत आणि लांब जाल तसा तळ वर वर. त्या तळाच्या खालून छोट्यांनी खुशाल जावं.

सॅन डिएगोला हा केक नव्हता. २५ सप्टेंबर १९७८, सकाळी नऊ, स्वच्छ हवा. एक बोइंग ७२७ उतरायला येतंय आणि एक छोटं सेस्ना १७२ त्याच धावपट्टीवर इन्स्ट्रुमेंट अप्रोचची, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उतरायला यायची, प्रॅक्टिस करून परत वर चढतंय. सेस्नात दोघंही लायसन्सवाले, एक शिकवणारा आणि दुसरा उपकरणांवर उडवायच्या परवान्यासाठी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, शिकणारा. ७२७ ला सेस्नाबद्दल सांगितलं गेलं, त्यांनी दिसतंय म्हटलं, कंट्रोलरने नजरेने अंतर ठेवा म्हणून सांगितलं आणि टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर पाठवून दिलं. सेस्ना मात्र आधीच्याच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे एकमेकांचं बोलणं दोघांनाही ऐकू येत नव्हतं.

टॉवरने पुन्हा सेस्नाची आठवण करून दिली तेव्हा कॉकपिटमध्ये सेस्ना दिसत नव्हतं. आत आपापसात विचारपूस चालू होती की आपण बघितलं ते हेच का, आता कुठे गेलं. टॉवरला मात्र जे कळवलं ते असं की मघाशी होतं, उजवीकडून मागे गेलं असावं. टॉवरच्या कंट्रोलरने ऐकलं उजवीकडून जातंय, म्हणजे अजून दिसतंय. एका क्रियापदाचा काळ बदलला आणि विषय मिटला. तिकडे रडार रूममध्ये धडकेच्या १९ सेकंद आधी कॉन्फ्लिक्ट अलर्ट, म्हणजे दोन विमानं फार जवळ येताहेत हा संगणकाचा इशारा, वाजला होता, पण असे अलर्ट रोजच वाजायचे आणि पायलटला समोरचं दिसतंय असं तिथल्या कंट्रोलरना वाटत होतं, म्हणून कोणी काही हालचाल केली नाही. सुमारे २,६०० फुटांवर वरून उतरणारं ७२७ खालून चढणाऱ्या सेस्नावर गेलं. जमिनीवरचे ७ धरून १४४ मृत्यू.

आता निकाल. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाच्या १९७९ च्या अहवालात बहुमताने मुख्य कारण धरलं ते ७२७ च्या क्रूचं, समोरचं विमान दिसेनासं झालं हे त्यांनी स्पष्ट कळवलं नाही. रडारने उंचीचं किंवा आडवं अंतर देता येत असतानाही नजरेवर सोडायची मुभा कंट्रोलरला होती, ही गोष्ट फक्त हातभार लावणारं कारण म्हणून खाली गेली. एका सदस्याने विरोधात लिहिलं की व्यवस्थेचा दोष बरोबरीचा आहे, आणि क्रूने कदाचित भलतंच तिसरं विमान बघितलं असेल ही शक्यताही मांडली. सेस्नाने न सांगता दिशा बदलली होती हेही खरं आहे, क्रूने साफ सांगायला हवं होतं हेही खरं. पण त्या बिचाऱ्यांना दिसणार काय होतं? सेस्ना ७२७ च्या नाकाखाली, मागे घरांची गर्दी, आणि धडकेच्या मार्गावरचं विमान काचेवर फारसं सरकतच नाही, एका जागी ठिपक्यासारखं बसून राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. आपल्या डोळ्याला हलणारी गोष्ट पटकन कळते, ही हलतच नाही. हाताशी रडार असताना काम डोळ्यांना द्यायचं आणि मग डोळे कमी पडले म्हणून क्रूवर बोट ठेवायचं, हे मला पटत नाही. कारण क्रमांक एक पायलट असला की दुरुस्तीही पायलटचीच होते.

झालंही तसंच. सॅन डिएगोला १९८० मध्ये टीसीए आलं, पण देशभर आणखी बऱ्याच विमानतळांवर ते लावायचा प्रस्ताव हौशी पायलटांच्या विरोधापुढे बारगळला. त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं, आकाश सगळ्यांचं, परवानगीसाठी कंट्रोलरच्या मागे घिरट्या घालत बसायचं का, आणि नवीन उपकरणांचा खर्च कोणी करायचा.

मग १९८६, लॉस एंजेलिसजवळचं सेरिटोस. तिथे टीसीए होतं, तरीही धडक झालीच. ३१ ऑगस्टला एक छोटं पायपर विमान टीसीएच्या तळाखालून जायच्या ऐवजी साधारण ६,५०० फुटांवर न विचारता आत घुसलं आणि उतरणाऱ्या डीसी-९ प्रवासी जेटच्या शेपटीवर गेलं, ८२ मृत्यू, त्यातले १५ जमिनीवरचे. पायपरमध्ये ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारने विचारलं की आपोआप उत्तर देणारा डबा, होता, पण उंची सांगणारा मोड सी नव्हता, त्यामुळे स्क्रीनवर ते आलं असलं तरी वर आहे की खाली हे कळायला मार्ग नाही. शिवाय कंट्रोलर त्याच वेळी टीसीएत शिरलेल्या दुसऱ्याच एका छोट्या विमानाशी बोलण्यात गुंतला होता. सुरुवातीला पायपरच्या पायलटला हार्ट अटॅक आल्याची बातमी चालली, तपासात ती टिकली नाही. या वेळी मात्र निकालात पहिला नंबर व्यवस्थेच्या मर्यादांचा लागला, विनापरवाना घुसणं आणि डोळ्यांवर भिस्त हे नंतर.

त्यातून दोन गोष्टी झाल्या आणि त्या एकत्रच बघायला हव्यात. १९८९ पासून मोठ्या विमानतळांच्या ३० नॉटिकल मैलांत, म्हणजे साधारण ५५ किलोमीटरमध्ये, मोड सी सक्तीचा, ग्लायडर वगैरे थोडे अपवाद सोडून. आणि ३० पेक्षा जास्त सीटच्या विमानांत १९९३ अखेर टीकॅस, म्हणजे टक्कर टाळायला पायलटला इशारा देणारं यंत्र. टीकॅस छोट्या विमानाला बघत नाही, त्याच्या ट्रान्सपाँडरला विचारतो. उत्तरात उंची आली तरच वर जा, खाली जा सांगतो, नाहीतर नुसतं ट्रॅफिक म्हणून ओरडतो. म्हणजे जेटमधला महागडा डबा शेजारच्या विमानातल्या छोट्या डब्यावर अवलंबून. आपल्याकडे टीकॅसची सक्ती यायला १९९६ ची हरियाणातल्या चरखी दादरीवरची टक्कर आणि ३४९ मृत्यू लागले, पण तिथे दोन्ही विमानं मोठी होती, तो विषय वेगळा. अमेरिकेत टीसीएचं १९९३ मध्ये क्लास बी झालं, नाव बदललं, केक तोच.

२०२० पासून या आकाशात आपली जागा सतत सांगणारं एडीएस-बी आउट सक्तीचं झालं. दुसऱ्याची जागा ऐकणारं एडीएस-बी इन मात्र ऐच्छिकच ठेवलं, तपास मंडळ कितीतरी वर्षं ते मागत असताना.

आणि आता वॉशिंग्टन. तिथे हेलिकॉप्टरचा ठरलेला मार्ग उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखालून जात होता, कमाल २०० फुटांवरून. हेलिकॉप्टरने विमान दिसतंय म्हटलं, व्हिज्युअल सेपरेशन मागितलं, मिळालं. दोघं वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, १९७८ सारखेच. जेटच्या टीकॅसने साधारण २० सेकंद आधी ट्रॅफिक म्हटलं, पण इतक्या कमी उंचीवर तो वर-खालीचा सल्ला मुद्दामच देत नाही. पुढे तपासात आलं की ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ मध्ये या एका विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर आडवं एका नॉटिकल मैलाच्या आणि उभं ४०० फुटांच्या आत आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. नोंदी होत्या, म्हणजे कुठल्यातरी संगणकात पडूनच होत्या. अपघातानंतर तो मार्ग तिथे बंद केला आणि विमानतळाच्या ५ मैलांत व्हिज्युअल सेपरेशनही.