मेड्युलरी कॅन्सर सुईच्या तपासणीतून का निसटतो

गाठीतून सुईने पेशी ओढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील मार्टिन आणि एलिस यांनी १९३० साली मांडली. तेव्हा सुई जाड होती. बारीक सुईने पेशी ओढून तपासण्याची आजची पद्धत, म्हणजे ‘एफएनएसी’, पुढे मुख्यतः स्वीडनमध्ये घडली. थायरॉइडमध्ये सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी कॅन्सर या तपासणीत सहसा चटकन ओळखू येतो, कारण त्याच्या पेशींच्या केंद्रकांची ठेवण वेगळी असते.

थायरॉइडच्याच मेड्युलरी कॅन्सरची गोष्ट निराळी आहे. त्याला स्वतंत्र आजार म्हणून ओळख मिळाली तीच मुळी १९५९ साली, क्लीव्हलँड क्लिनिकमधील हॅझर्ड, हॉक आणि क्राइल यांच्या निबंधामुळे. तो थायरॉइडचे संप्रेरक बनवणाऱ्या नेहमीच्या पेशींपासून उद्भवत नसून कॅल्सिटोनिन नावाचे वेगळे संप्रेरक स्रवणाऱ्या ‘सी’ पेशींपासून उद्भवतो, हे ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट विल्यम्स यांनी १९६६ साली मांडले. या पेशी कधी लांबट, कधी गोलसर, तर कधी कडेला सरकलेल्या केंद्रकाच्या दिसतात, आणि हे सर्व प्रकार एकाच स्लाइडवरही आढळू शकतात. त्यामुळे पॅथॉलॉजिस्टला कधी हर्थल पेशींच्या (थायरॉइडमधील मोठ्या, दाणेदार पेशींच्या) गाठीचा, कधी अ‍ॅनाप्लास्टिक या थायरॉइडच्या अतिआक्रमक कॅन्सरचा, तर कधी इतर अवयवातून पसरलेल्या कॅन्सरचा भास होतो. पॅपिलरीची खूण मानले जाणारे केंद्रकातील पोकळीसदृश ठिपके इथेही दिसतात. मेड्युलरीच्या खुणेचे मानले जाणारे अमायलॉइड (एक प्रथिनाचा साठा) प्रत्येक नमुन्यात नसते, आणि असले तरी ते थायरॉइडमधील घट्ट कोलॉइडसारखे (संप्रेरक साठवणाऱ्या चिकट द्रवासारखे) भासू शकते.

प्रकाशित अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात केवळ पेशी पाहून हे निदान निम्म्याहून थोड्याच अधिक रुग्णांत नेमके झाल्याचे दिसले आहे. माझ्या मते याचा सगळा दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यावर टाकता येणार नाही: ज्या आजाराची शंकाच आलेली नसते, त्याच्यासाठी पेशींतील कॅल्सिटोनिन दाखवणारे विशेष रंजन (रंग देऊन करायची तपासणी) कोणी मागवत नाही. अमेरिकेतील बेथेस्डा येथील २००७ च्या परिषदेतून थायरॉइडच्या सुईच्या तपासणीच्या अहवालाचे सहा गट ठरले आणि अहवालांची भाषा एकसारखी झाली. मात्र त्या गटांनी ही शंका आपोआप येत नाही.

चुकीची किंमत मोठी असते, कारण या कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीनचा उपयोग होत नाही आणि शस्त्रक्रियेआधी फिओक्रोमोसायटोमा (या कॅन्सरसोबत असू शकणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ) नसल्याची खात्री करावी लागते. म्हणून शंका असेल तेव्हा सुई धुतलेल्या द्रवातही कॅल्सिटोनिन मोजतात. प्रत्येक गाठीसाठी रक्तातील कॅल्सिटोनिन तपासावे का, यावर मात्र एकमत नाही: युरोपीय तज्ज्ञांच्या २००६ च्या सहमती-निवेदनाने ते सुचवले, तर अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ साली बाजूने किंवा विरोधात शिफारस करण्याचे टाळले.